शेनातली चिंबोरी

मी मूळची सारसोळ्याची, खाडीकाठची. बाप जाळं टाकायचा, आय टोपली डोक्यावर घेऊन विकायला जायची, नि मी गुडघाभर चिखलात उतरून खुबे, म्हनजे शिंपल्या, वेचायची, त्यामुळं झालं काय, मना खाडीच्या चिखलाचा वास अत्तरासारखा नि शेनाचा वास आला की ओकारी. आता अशा पोरीला बापानं कुठं द्यावं, तर भातशेती नि दावनीला गुरं असलेल्या घरात, पलीकडच्याच गावात. काय सांगू तुम्हाला, पहिल्या सकाळी सासूनं गोठा झाडायला सांगितला नि मी पदरात नाक खुपसून रडले. ती म्हनाली, रड बाय रड, डोळे धुतले म्हनजे शेन नीट दिसंल.

तेव्हा नवी मुंबई हे नाव नुसतं कागदावर. वाशीला बिल्डिंगा उभ्या राहिल्यात म्हनून मानसं बघायला जायची, नि आमच्या शेतात मोजनीवाले पांढऱ्या डोक्याच्या खुंट्या ठोकून जायचे, एकदा बांधाच्या पलीकडं, पुढच्या खेपेला बांधावर. मी अशी शहानी, त्यातली एक उपटून आनली नि अंगनात कपड्याची दोरी बांधली तिला. बाबांनी बघितली, म्हनजे माझ्या सासऱ्यांनी, त्यांना मी बाबा म्हनायची. संध्याकाळी दोरी सोडली, खुंटी उचलली नि होती तिथं परत ठोकून आले. मना वाटलं, काय सरळ मानूस हाय. अशी माझी अक्कल.

तर आता गॅसचं सांगते. खाडीच्या चिखलातली तिवराची झाडं तोडायला बंदी आली, आनि आमच्या चुली तर तिवराच्याच लाकडावर चालायच्या. रॉकेल रेशनवर, तेपन संपलं म्हनून पाटी. मग तालुक्याचा एक साहेब आला नि म्हनाला गोबरगॅस बांधा, सरकार मदत देतंय, पन एका घराच्या गुरांवर भागनार नाय, आळीनं मिळून बांधा. आमच्या आळीत घरं पाच. बाबांनी पाची घरांच्या कर्त्यांना गावदेवीच्या देवळात बसवलं नि म्हनाले, रोज सकाळी प्रत्येक घरानं एक घमेलं शेन द्यायचं. नि दुसरं, मोजनीवाले पोरांना नोकरीची लालूच दावतील, तरी शहराला जमीन कोनी सही करून द्यायची नाय. जमीन गेली की चारा गेला, चारा गेला की गुरं गेली, नि गुरं गेली की शेगडी विझली. कबूल? पाची जन एका दमात कबूल म्हनाले. बाहेर बायकांत बसलेली माझी सासू पुटपुटली, एवढ्या घाईनं तर पोरं प्रसादाला हात काढत नाय.

तळ्याच्या कडेला खड्डा बांधला विटांचा, त्यावर लोखंडाचा मोठा उलटा टोप तरंगत ठेवला. गॅस भरला की टोप वर यायचा, रांधलं की खाली बसायचा, छाती वरखाली व्हावी तसा. तिथून पाच घरांत पाइप. पहिल्यांदा शेगडी पेटली तेव्हा जाळ निळा आला, नि मी भूत भूत करत ओट्यावरून खाली उडी मारली, पाय मुरगळला. हसा, हसा, आख्खी आळी हसली होती.

बाजूच्या हौदात शेन पान्यात कालवून आत सोडायचं काम कोनाला दिलं असंल? मनाच. सासू म्हनाली, हिची खोड जिरंल. खोड जिरली खरी. महिन्याभरात मी कोपरापर्यंत हात घालून गानी म्हनायला लागले. माहेरी जाऊन मिरवायची, आमच्याकडं बाय शेनावर वालाचं बिरडं शिजतं, धूर नाय, डोळं चुरचुरत नाय.

त्याच दिवसांत आमच्या ह्यांना दिघ्याच्या बाजूला कंपनीत नोकरी लागली. कशी लागली, कोनी लावली, मी विचारलंच नाय. हिरव्या बांगड्या भरून आले नि आरशात बघत बसले. बाबांनी त्या दिवशी जेवन टाकलं. मी म्हनलं, आनंदानं भूक मेली असंल.

मग टोप खाली बसायला लागला. आधी कोनाच्या ध्यानात नाय आलं. आज वीतभर कमी, थंडी पडली असंल. आनखी कमी, पाइप फुटला असंल. डोंगराकडं सुरुंग लावायचे, धडाम झालं की तळ्याचं पानी थरथरायचं, टोप कड्यावर आपटून घोगरा वाजायचा. शेजारच्या जनाकाकीकडं भात कच्चा राहिला, ती आमच्या दारात येऊन म्हनाली, कोन चोरून जास्त जाळतंय? संध्याकाळी गुरं परत यायची तेव्हा घंटांचा गलका असायचा, तो विरळ झाला होता. विचारलं तर जो तो म्हनायचा, चाऱ्याला पाठवलीत पनवेलला, मेव्हन्याकडं. चारी घरांचे मेव्हने पनवेललाच कसे, हे पन माझ्या डोक्यात नाय आलं.

एका सकाळी कालवताना हाताला टोचलं काहीतरी. बघते तर खुब्याचा शिंपला. बारीक. मना एवढा आनंद झाला, माहेरचं मानूस भेटल्यासारखा! जेवताना सगळ्यांना सांगितलं, ऐका हो, आपल्या आळीतल्या गाई खुबे खातात वाटतं. आमचे हे हसून हसून ठसकले. सासू हसली नाय. बाबांचा घास हातात राहिला. म्हनाले, सूनबाय, बाहेर बोलू नकोस.

मना वाटलं, बाबा चोर पकडनार. मी पोलीसच झाले म्हना ना. रोज एकेक घमेलं वेगळं कालवायची, वरचा थर शेनाचा, खाली हात घातला की गार, चिकट, काळं. तो वास मी जन्मात विसरनार नाय, तो शेनाचा नव्हताच, माझ्या माहेरचा होता. खाडीचा गाळ. रंगानं अगदी शेन. रोज संध्याकाळी बाबांच्या कानाशी जाऊन सांगायची, आज जनाकाकीच्या घमेल्यात पन निघालं. बाबा नुसतं हं म्हनायचे. आज कोपऱ्यावरच्यांच्या पन. हं. आता चौथं घर पन, बाबा! त्या दिवशी ते उठून बांधाकडं गेले.

आमचं घमेलं बाबा स्वतः आनायचे. गोठा घराकडनं हलवून बांधावर नेला होता त्यांनी, तिकडं आमाला कोनाला जाऊ द्यायचे नाय, म्हनायचे नाग निघालाय. त्या सकाळी ते घमेलं घेऊन आले, हौदाच्या कठड्यावर ठेवलं नि दम घेत उभे राहिले. नि वरचं शेन हललं. आपोआप. मी बघतेय, तेपन बघतायत. एक लाल नांगी वर आली, मग दुसरी, नि नखाएवढी चिंबोरी, खेकड्याचं पिल्लूच, शेनातून निघून घमेल्याच्या काठावर येऊन बसली.

मी हसले. देवाशपथ, आधी हसलेच. मग बाबांच्या तोंडाकडं बघितलं, नि हातातल्या हिरव्या बांगड्या एकदम जड झाल्या.

बाबांनी चिंबोरी चिमटीत धरली, तळ्याच्या कडेला हळूच सोडली. म्हनाले, खाऱ्या पान्यातली हाय, जगायची नाय इथं. एवढं बोलून गेले ते बांधाकडं.

त्या दिवशी दुपारी शेगडीची चावी फिरवली तर नुसती फुस्स, मग तेपन नाय. मी अंगनात आले. जनाकाकीच्या कौलांतून धूर निघत होता. कोपऱ्यावरच्यांच्या पन. पाची घरांतून एकाच वेळेला धूर, सरळ वर चाललेला. कोनी आरडाओरडा केला नाय, कोनी कोनाला विचारलं नाय. मी घरात वळले तर सासू मागच्या पडवीत सारवलेली चूल फुंकत होती, बाजूला तिवराची सुकी लाकडं रचलेली. मी म्हनलं, ही कधी रचलीत? ती म्हनाली, देवळातनं आले त्याच दिवशी.

पुढं काय, टोप भंगारवाल्यानं नेला. खड्डा मात्र कोनी उपसू दिला नाय, तळाला काय निघंल ते सगळ्यांनाच माहीत. वरून मुरूम पडला, रस्ता झाला. बाबा मेले तोवर त्या रस्त्यावर त्यांनी पाय नाय ठेवला, वळसा घालून जायचे.

आता मी तिसऱ्या मजल्यावर ऱ्हाते, नातवाच्या फ्लॅटमध्ये. नातू सोसायटीचा सेक्रेटरी. त्याच्या डोक्यात गच्चीवर उन्हावर पानी तापवायचं मशिन बसवायचं हाय, सगळ्यांनी मिळून, स्वस्तात. खाली बिल्डरचा मानूस फेऱ्या मारतोय, बिल्डिंग पाडून टॉवर करू म्हनून. म्हनून परवा गच्चीवर मिटिंग झाली. मना खुर्ची दिली होती. नातवानं विचारलं, मशिन बसवतोय तर कोनी मागनं बिल्डरला सही देनार नाय ना? सगळे एका दमात नाय म्हनाले. टाळ्या पन वाजवल्या.

नातू खुशीत खाली आला, म्हनाला, आजी, टेन्शन नको घेऊ, उन्हाला कोनाचं घमेलं लागत नाय. मी त्याच्या तोंडावरून हात फिरवला, म्हनलं, गावदेवी तुझं भलं करो रे बाबा. मनात मात्र आलं, कोनी एकानं तरी विचार करतो म्हनायला पायजे होतं.

मागच्या बाल्कनीत मी माझा रॉकेलचा स्टो पुसून ठेवलाय. त्याला सांगू नका.