वळणावरची हाक

तेजस्वी : आक्का, मी परत तेच सांगणार. दहा येळा विचारलं तरी तेच. वळणावर मी मागनं हाक दिली. कलगोंडाअण्णांनी वळून बघितलं, हात वर केला, आणि मग घोडा माझ्या आडवा घातला. म्हणून ते पहिले आले आणि मी दुसरी.

राजमती : दहा वेळा नको, एकदाच सांग. पण आता तंबूत आपण दोघीच आहोत, तर सावकाश सांग. मघाशी तिघे पंच समोर बसलो होतो, बाहेर यात्रेचा भोंगा चालू होता, तुझं निम्मं बोलणं त्यातच गेलं. एक पंच म्हणतात कलगोंडानं मुद्दाम घोडा घातला. दुसरे म्हणतात चुकून गेला. एकास एक झालं. निकाल माझ्यावर आलाय, बाई.

तेजस्वी : ते ठाव हाय मला. आणि बाहेर लोक काय बोलायलेत तेबी ठाव हाय.

राजमती : काय बोलतायत?

तेजस्वी : ऱ्हाऊ दे.

राजमती : सांग गं. मी ऐकलेलं बरं.

तेजस्वी : म्हणत्यात, राजमतीआक्का निपाणीच्या, कलगोंडाअण्णा निपाणीचे. बारा वर्षं आक्कांच्या मालकांचा घोडा शर्यतीत त्यांनीच पळवला. तिथं सांबऱ्याच्या पोरीला कुठला न्याय मिळतोय?

राजमती : बारा नाही, चौदा वर्षं. आमचे हे गेले तेव्हा खांद्यालाही तोच पुढे होता. हे सगळं मी त्या दोघा पंचांना सांगितलं, मला वगळा म्हटलं. त्यांनी वगळलं नाही. तुझा भरवसा नसेल तर आत्ता सांग, मी उठते.

तेजस्वी : ...तुमी खोटं बोलत न्हाय म्हणत्यात.

राजमती : तसं व्रत आहे. पाळताना जीव मेटाकुटीला येतो कधी कधी. बस खाली, पाणी पी. घोडी कशी आहे?

तेजस्वी : दोन्ही गुडघं फुटल्यात. डॉक्टर म्हणाले हाड शाबूत हाय. पण पायाला हात लावू देत न्हाय. जातिवंत जनावर, आक्का. रेसकोर्सवरनं आणली तवा कागदावर ‘लेडी’ आणि पुढं काय तरी हातभर लांब नाव हुतं. आमच्या आज्जीनं पहिल्याच दिवशी लाडी करून टाकलं.

राजमती : वळणावर लाडीचं डोकं कुठवर आलं होतं? कलगोंडाच्या कमांडरच्या शेपटीशी, की पुढे?

तेजस्वी : तंगापाशी. खोगिराचा पट्टा असतो की, तिथवर. अण्णांच्या टाचेला तिचं नाक लागत हुतं.

राजमती : म्हणजे वाट तुझी झाली होती.

तेजस्वी : माझीच. दोरीकडची बाजू मोकळी हुती, म्हणून तर घोडी घातली.

राजमती : आणि मग?

तेजस्वी : कमांडर एकदम दोरीकडं आला. त्याच्या मागच्या टापेला लाडीचा पुढचा पाय लागला, ती गुडघ्यावर गेली. मी मान धरून राहिले. न्हायतर दोघीबी दोरीत गेलतो. उठून परत पळाली बघा, आक्का. मी टाचबी मारली न्हाय. तेवढ्यातनंबी शेवटाला एका मानेनं मागं राहिली. एका मानेनं!

राजमती : हाक काय दिली होतीस?

तेजस्वी : देत्यात तीच. ‘आत!’ म्हणून. आत, आत, आत. मी तुमच्या आतल्या बाजूला हाय, वाट द्या.

राजमती : ...तीनदा?

तेजस्वी : तीनदा. का वो?

राजमती : नाव घेतलंस त्याचं? अण्णा वगैरे?

तेजस्वी : पळत्या घोड्यावर नाव कोण घेत बसतंय? तेवढंच म्हटलं. काय झालं, आक्का? लिहायचं का थांबलासा?

राजमती : लिहिते. ही हाक नेमकी कुठली, ते आणखी कुणाला सांगितलंस?

तेजस्वी : हाक दिली एवढंच सांगितलं. कुठली म्हणून कुणी विचारलंच न्हाय.

राजमती : बरं. आता कलगोंडाला बोलावते. तू इथंच बस. पण मी विचारीपर्यंत तो शब्द तोंडातून काढायचा नाही.

तेजस्वी : का?

राजमती : कारण आज मी काही बोलून बसले, तर उद्या तूच म्हणशील, आक्कांनी त्याच्या तोंडात आयता शब्द घातला. कलगोंडा! ये रे.

(कलगोंडा येतो. चाबूक टेबलावर ठेवतो आणि उभाच राहतो.)

कलगोंडा : हरकत आली की चाबूक टेबलावर, आक्का. रीत हाय. परत उचलायचा का न्हाय, ते तुमी ठरवायचं.

राजमती : बस.

कलगोंडा : उभाच बरा हाय.

राजमती : मुद्दाम आडवा घातलास असं ठरलं तर काय होतं, माहीत आहे ना?

कलगोंडा : ह्या माळावर परत घोड्यावर बसायचं न्हाय. जन्मात. बावीस वर्षं बसतोय मी. दुसरं काय येतंय मला? मधी एकदा तंबाखूच्या वखारीत पोती उचलाय गेलतो. आठ दिवसांत परत आलतो.

राजमती : वळणावर तुला मागून काही ऐकू आलं?

कलगोंडा : न्हाय.

राजमती : काहीच?

कलगोंडा : वारं लई हुतं. त्यात भोंगा. कायबी ऐकलं न्हाय.

तेजस्वी : अण्णा!

राजमती : तेजस्वी, थांब. मी लिहिते. ‘मागून काही ऐकू आले नाही.’ खाली सही करशील?

कलगोंडा : ...करतो की.

राजमती : त्याआधी हे बघ. कुणीतरी वळणावरचा व्हिडिओ मोबाईलवर स्टेटसला टाकलाय.

कलगोंडा : ह्यात गाणं वाजतंय.

राजमती : खरा आवाज काढून गाणं चढवलंय पोरांनी. गाणं सोड. तुझी मान बघ.

तेजस्वी : वळली. मागं वळली.

राजमती : आणि हात?

कलगोंडा : ...वर केलाय.

राजमती : ऐकूच आलं नाही, तर मान कशाला वळली? हात कुणाला केलास?

कलगोंडा : माशी असंल.

तेजस्वी : माशी! पळत्या घोड्यावर माशी! अण्णा, मी तुमाला बघून घोड्यावर बसाय शिकले. सांबऱ्यासनं दोन बसा बदलून यायची, ह्याच दोरीला टेकून उभी ऱ्हायची. कवा कुणाच्या आडवं गेलं न्हाय तुमचं घोडं. मग आजच का? मी पोरगी म्हणून?

कलगोंडा : तसं न्हाय गं.

तेजस्वी : मग कसं?

राजमती : कलगोंडा, तू मला आक्का म्हणतोस. चौदा वर्षं घोड्याला पाणी दाखवल्याशिवाय तू आमच्या घरी भाकरीला हात लावला नाहीस, ते मला आठवतं. पण आत्ता ते बाजूला ठेव. तुला वाटतंय ‘ऐकलं नाही’ म्हटलं की सुटलो. हा व्हिडिओ बघणारा प्रत्येक माणूस म्हणेल, ऐकलं, वळून बघितलं आणि घातला. मग मला हा चाबूक ठेवून घ्यावा लागेल. मी ठेवून घेईन.

कलगोंडा : आणि ऐकलं म्हटलं तर?

राजमती : ते मी कसं सांगू?

कलगोंडा : तरीबी तेच की, आक्का! ऐकलं म्हणजे ती मागं हाय हे ठाव हुतं. ठाव असून घातला. दोन्हीकडनं मीच मेलो.

राजमती : म्हणजे ऐकलंस. काय ऐकलंस?

कलगोंडा : सांगून उपयोग न्हाय. शर्यत झाल्यावर बाहेर घोडं फिरवत हुतो, तवा डोक्यात उजेड पडला. तवर हिची हरकत लिहून झालती. आता सांगितलं तर म्हणतील, तासभर बसून गोष्ट रचली.

राजमती : म्हणू देत. काय ऐकलंस, तेवढंच सांग. मी एक अक्षर सुचवणार नाही.

तेजस्वी : आक्का, ऊन पार गेलं. तुमचं जेवण? दिवस मावळल्यावर तुमी पाणीबी घेत न्हाय नव्हं?

राजमती : आज उपास घडेल. कलगोंडा?

कलगोंडा : ती म्हणाली, ‘आत’.

तेजस्वी : मग! ऐकलंच की!

राजमती : थांब गं. तुला त्यातून काय कळलं, कलगोंडा?

कलगोंडा : झालं.

तेजस्वी : काय झालं?

कलगोंडा : तेच की. ‘आत’ म्हणजे झालं. आमच्या घरात कन्नड, गोठ्यात कन्नड, घोड्याशी बोलायचं ते कन्नड. आत म्हणजे झालं, बास. मला वाटलं घोडी दमली. पोरगी सांगाय लागलीय, माझं झालं, तुमी जावा पुढं. तीनदा म्हणाली. मनात म्हटलं, केवढ्या मोठ्या मनाची पोर! म्हणून हात वर केला. नमस्कारच केला म्हणा की. आणि दोरीकडची वाट घेतली.

तेजस्वी : काय पण सांगताय! माझं झालं म्हणून कोण वरडतंय व्हय शर्यतीत?

कलगोंडा : आमच्या गड्यांत वरडत्यात. घोडं थकलं की मागचा सांगतोय, उगाच दोन घोडी एकमेकांत अडकाय नकोत. आणि आतल्या बाजूला आलो म्हणायचं असंल, तर ‘वळग’ म्हणत्यात. माझं कान ‘वळग’कडं लागल्यालं.

तेजस्वी : आक्का, हे खरं हाय?

राजमती : मी सांगणार नाही.

तेजस्वी : का? तुमाला तर कन्नड येतंय.

राजमती : येतं म्हणूनच. त्याच्या घरात जी भाषा, तीच माझ्या घरात. मी हो म्हटलं, तर बाहेरचे लोक बोलतायत ते खरं ठरेल. तूच सांग. तू कामाला कुठे जातेस?

तेजस्वी : बेळगावला. खासबागेत जनावरांच्या औषधाचं दुकान हाय, तिथं.

राजमती : गिऱ्हाईक कुठलं येतं?

तेजस्वी : सगळं येतंय. निम्मं कन्नडच. मीबी बोलते की, मोडकंतोडकं.

राजमती : त्यांना औषध देतेस, समजावून सांगतेस. मग ती माणसं काय म्हणतात?

तेजस्वी : काय म्हणणार? दोन गोळ्या चाऱ्यातनं, पाच दिवस, म्हटलं की मान हलवत्यात, आणि...

राजमती : आणि?

तेजस्वी : ‘आत्री.’ आत्री म्हणत्यात, म्हंजे झालं, बास. परवा एक म्हातारी आलती म्हशीचं औषध न्यायला. मी सांगतेय, सांगतेय, आणि ती आपली ‘आत, आत’ करत पिशवी उचलून चालाय लागली. अर्धं ऐकलंबी न्हाय. रोज ऐकते मी हे, आक्का. मी सवता म्हणते! पण हे ‘आत’ आणि ते ‘आत’ कवा शेजारी ठेवून बघितलंच न्हाय.

कलगोंडा : मलाबी मराठी येतंय की गं. बाजारात बोलतो, तुझ्याशी बोलतोय. पण घोड्यावर बसलो की डोक्यात एकच भाषा ऱ्हाती.

तेजस्वी : मग मघाशी खोटं का बोललासा?

कलगोंडा : भ्यालो.

तेजस्वी : मी सगळ्या माळभर तुमाला लबाड म्हणून आले.

कलगोंडा : म्हणायचंच. तुझी घोडी गुडघ्यावर गेलती. तुझ्या जागी मी असतो, तर हा तंबू जाग्यावर राहिला नसता.

राजमती : आता दोघंही ऐका. आधी शर्यत. घोडी तंगापर्यंत आली होती, वाट तेजस्वीची होती. कलगोंडा, तुझ्या मनात काय होतं त्यानं तिचं गेलेलं अंतर भरून येत नाही. ती एका मानेनं हरली, आणि वळणावर गमावलं ते त्याच्या कितीतरी पट. लाडी पहिली, कमांडर दुसरा.

कलगोंडा : बरोबर हाय. पहिल्या नंबराची ढाल तिचीच.

राजमती : आता तुझं. मुद्दाम घातलास का? नाही. जन्माची बंदी नाही.

कलगोंडा : आक्का...

राजमती : अजून संपलं नाही. पंचासमोर खोटं बोललास, त्याचं काय?

कलगोंडा : सही केली नव्हती.

राजमती : सही नव्हती. पण मी लिहीत होते आणि तू बघत होतास. पुढच्या यात्रेला तू घोड्यावर बसायचं नाही. त्याच्या पुढच्या सालापासून बस.

तेजस्वी : साल लई झालं, आक्का. भ्याले म्हणाले की ते. माझी आता काय हरकत न्हाय.

राजमती : आडव्या घोड्याची हरकत तुझी होती. खोट्याची माझी आहे.

कलगोंडा : असू दे, तेजस्वी. साल काय, बघता बघता जातंय. तवर पोरं सगळी मिळून एक हाक ठरवू देत. न्हायतर शिट्टी मारा म्हणावं. शिट्टीला तरी भाषा न्हाय.

तेजस्वी : शिट्टीनं लाडी उधळती.

कलगोंडा : मग झालंच कल्याण. आक्का, ते पहिलं लिवलेलं, ‘ऐकू आले नाही’ म्हणून, ते खोडताय नव्हं?

राजमती : खोडत नाही. त्याच्या खाली दुसरं लिहिते. दोन्ही राहतील. आता सही कर.

कलगोंडा : ...केली. भोंग्यावर निकाल आत्ताच सांगणार?

राजमती : लोक मघापासून ताटकळलेत. का रे?

कलगोंडा : प्रणिता बाहेर उभी हाय. घोडं फिरवून आलो तवा पहिलं तिनंच विचारलं, हाक ऐकू आली का म्हणून. माझी बायको, पण तिलाबी मी न्हाय म्हणूनच सांगितलंय.

राजमती : मग आधी तिच्याकडे जा. मी जरा थांबून सांगते.