बोनेटातला भंडारा

...आन् वर ती शोरूमवाली लोकं म्हणतेत कसं, तर "सर, तुमची गाडी वॉरंटीत आहे, पण काम वॉरंटीत बसत नाही!" आता मला सांगा, ह्याचा अर्थ काय? एवढी शिकलेली माणसं बसलाव समोर, लागला का कुणाला? गाडी हाय वॉरंटीत. एसी कुठं हाय? गाडीत! मग गाडी वॉरंटीत, एसी गाडीत, तर ह्यो एसी वॉरंटीच्या भायेर गेला कसा? काच खाली करून उडी मारली का त्यानं?... हे मी न्हाय इचारत, हे आमचा महारुद्र इचारायलाय. तेरचा महारुद्र ओ, आमच्या शेजारचा, गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर हाय बघा, शेळ्यांच्या पायाला पट्ट्या बांधणारा, त्यो. लई शांत माणूस. बोकडानं पोटात ढुशी मारली तरी "असू द्या, आजारी हाय त्यो" म्हणणारा. त्या माणसाला ह्या एका वाक्यानं पार येडं करून सोडलं! जेवता जेवता हात थांबतोय, बायकोला म्हणतोय, "मंजुषा, गाडी वॉरंटीत हाय, पर काम वॉरंटीत बसत न्हाय... मंजी मी गावात हाय पर घरात न्हाय, असंच का हे?" मंजुषा म्हणती, "आवो, भाकर थंड व्हायली."

आता गाडी कशी म्हणाल, तर नवीकोरी. पांढरी शुभ्र. सीटवरची पन्नी अजून काढलेली न्हाय, कारण काढली की गाडी जुनी होती, हे कोण सांगितलं त्याला काय माहीत, पर बसलं की कुर्रकुर्र वाजतंय आन् उन्हाळ्यात पाठीला चिकटतंय, तरी काढायची न्हाय! घरातली पहिली चारचाकी ओ. त्याची आई, दगडाबाई, तिची अख्खी जिंदगी मेंढरांच्या मागं पायी गेली, तेरणेच्या काठानं वर आन् तेरणेच्या काठानं खाली. पायात चप्पल आली ती बी महारुद्राला नोकरी लागल्यावर. त्या माऊलीच्या दारात गाडी! तुम्हाला सांगतो, गाडी यायच्या आधीच तिनं सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं, "माझ्या गाडीम्होरं कुनी म्हस बांधायची न्हाय."

बरं, पूजा शोरूमनं बी केली होती, हां! हे ध्यानात ठेवा, पुढं सगळा मामला ह्याच्यावरच गेला. धाराशिवला त्या शोरूममधी निकिता म्हणून पोरगी हाय, लई गोड बोलती, प्रत्येक वाक्याला "सर". "सर, ताट घ्या सर. हळदी-कुंकू लावा सर. मॅडम, तुम्ही पण या ना. स्माइल सर!" टाळ्या वाजवल्या, फोटो काढला, गुडघ्याएवढी खोटी चावी हातात दिली आन् फोटो झाल्यावर काढून बी घेतली!

घरी आली गाडी, तर दगडाबाई दारात, हातात बिरोबाच्या भंडाऱ्याची पिशवी. भंडारा म्हंजे हळदच, पर देवाची. महारुद्र म्हणला, "आई, शोरूमवाल्यांनी लावलीया हळद." तिनं गाडीला एक चक्कर मारली, बोनेटवरचं ते हळदीचं एवढंसं बोट बघितलं आन् म्हणली, "ही वरून कातड्याला लावून काय उपेग रं? हिचा जीव कुठं हाय?"

आता मला सांगा, गुरांच्या दवाखान्यातल्या माणसाला कुणी इचारलं जीव कुठं हाय, तर त्यो गप बसंल का? महारुद्रानं दिमाखात बोनेट उघडलं. "हितं हाय बघ." झालं! म्हातारीनं पदर खोचला... "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" एक मूठ हिकडं, एक मूठ तिकडं, बॅटरीवर, नळ्यांवर, त्या काळ्या डब्यावर... आन् म्होरच्या काचंच्या बुडाला ती जाळी असती बघा, जिथनं एसी वारा वढतोय, तिथं म्हातारी थांबली. वाकून बघितलं. म्हणली, "ह्ये नाक दिसतंय," आन् राहिलेली पिशवी उलटीच केली तिथं! वरनं नारळाचं पाणी. कोण काय म्हणणार? अख्खी गल्ली हात जोडून उभी. आन् खरं सांगू का, म्हातारीचा अंदाज बिलकूल बरोबर होता, ते नाकच असतंय गाडीचं.

मग काय, मुरुमला लग्न निघालं. ऊन असं की डांबर पायाला चिकटावं. तेर सोडलं, महारुद्रानं ऐटीत एसीचं बटण दाबलं... फुस्स! पिवळा वारा! मंजुषाची पांढरी साडी, महारुद्राचा सदरा, मिशा, सगळं पिवळं. मंजुषा वराडली, "आवो, हे काय? लग्न आपलं हाय का त्यांचं?" महारुद्र म्हणला, "पहिल्यांदा लावलाय, सवय व्हईल त्याला." मंडपात गेले तर दारातच पाव्हणा म्हणतोय कसा, "हळद काल झाली की ओ, तुमी आज कशाला लावून घेतली?" आन् परत येताना काहीतरी जळाल्याचा वास आला, घर्रर्र झालं, आन् एसी गप. काचा खाली करून, पन्नीला चिकटून, दोघं घरी आली. महारुद्र मातुर बिनफिकीर. काय म्हणला? "वॉरंटी हाय की!"

दुसऱ्या दिवशी गाडी शोरूमच्या मागच्या वर्कशॉपला. तिथलं साहेब पंचाक्षरी म्हणून हाय, मुरुमकडचा, कपाळाला विभूती, आवाज असा मऊ की आधी वाटतंय आपलंच काम करायलाय. त्यांनी एसीचा वारा ढकलणारी मोटर आणून टेबलावर ठेवली. मुठीएवढी. सगळी पिवळी, वाळून कडक झालेली. "हे काय आहे ओ, महारुद्रजी?" महारुद्रानं वास घेतला, नखानं खरडून बघितलं, धंद्याची सवय, म्हणला, "छातीत कफ झालाय." पंचाक्षरी म्हणले, "ही हळद आहे. नारळाचं पाणी आणि हळद. हिच्यामुळं मोटर जाम होऊन जळाली. कंपनीनं गाडीत हळद घातलेली नाही ओ. हा बाहेरचा पदार्थ. म्हणून गाडी वॉरंटीत आहे, पण..." पुढचं तुम्हाला पाठ झालं असंल.

आता तुम्ही म्हणाल, एक मोटर ती केवढी, द्यायचे पैसे आन् यायचं घरी. आहो, महारुद्राला पैशाचं न्हवतंच! त्याच्या काळजात वेगळंच शिरलं होतं. मागं एकदा म्हातारीनं एका कोकराला मायेनं दाणा जास्त चारला. कोकरू फुगलं आन् गेलं. घडतंय तसं, दवाखान्यात रोज एक येतंय. पर म्हातारी नंतर कितीतरी दिवस एकाही कोकराला हात लावंना. "माजा हात वंगाळ हाय," म्हणायची आन् भिंतीकडं तोंड करून बसायची. महारुद्रानं ते डोळ्यानं बघितलेलं. आता तिला कळलं, की पोराच्या पहिल्या गाडीचा जीव आपल्या भंडाऱ्यानं गेला, तर? म्हून त्यानं आईला सांगितलं, "वायर तुटलीया," आन् मनाशी ठरवलं, काय वाटंल ते होऊ दे, ही हळद आईची न्हाय. मग हळद कुणाची? शोरूमची!

तिथनं जी तकरार सुरू झाली म्हणता! महारुद्र फोनमधला फोटो दाखवतोय, "हे बघा साहेब, ताट कुणाचं? हळद कुणाची? ही तुमची पोरगी बोट दाखवून सांगायली, लावा म्हणून!" निकिता म्हणती, "सर, आम्ही वर लावायला सांगतो सर, आत नाही." "उडून गेली असंल की आत!" "सर, एका बोटाची हळद किती उडेल सर?" पंचाक्षरी म्हणतेत, "ताट आमचं, मान्य. पण हात ग्राहकाचा ओ." मंजी ताट वॉरंटीत हाय, पर हात वॉरंटीत बसत न्हाय! आता हात काय ताटापासनं येगळा काढून ठिवायचा का माणसानं?

मग कंपनीला फोन. आधी गाणं. लई वेळ गाणं. मग एक बाई, कुठल्या लांबच्या शहरातली, तिला बिचारीला काय माहीत तेर आन् काय माहीत बिरोबा. "सर, तुमच्या गाडीत हळद आहे?" "व्हय." "किती किलो, सर?" "आहो, विकायला न्हाय चाललो, एसीत हाय!" "ओके सर. सर, तुम्ही एसीमध्ये हळद का ठेवली?" "ठेवली न्हाय, गेली!" "ओके सर. हळद तुमच्या परवानगीशिवाय गेली का?" आता ह्याला काय म्हणावं? शेवटी ती बाईच म्हणली, "सर, मी तुमची अडचण समजू शकते. तुमची गाडी वॉरंटीत आहे..." त्यानं फोनच बंद केला.

पर माणूस चिवट! रोज दवाखाना सुटला की धाराशिवची एसटी धरायची, पंचाक्षरींच्या समोर जाऊन बसायचं. भांडायचं बी न्हाय, नुसतं बसायचं, आन् मधी मधी म्हणायचं, "साहेब, मला कळंना गेलंय." पंचाक्षरी तरी काय दगडाचा हाय का? एक दिवस उसासा टाकून म्हणले, "बरं ओ, बरं! आमच्या पूजेतच उडाली असं लिहून पाठवतो कंपनीला. होईल तुमचं." आन् टायपायला लागले की! महारुद्राला वाटलं, जितलो. आईवर आलेलं टळलं. त्याच्या डोळ्यात पाणीच आलं ओ.

आन् तेवढ्यात काचेचं दार उघडलं. दगडाबाई! मागं मंजुषा, हातानं खुणावतीया की मी थांबवलं, ऐकलं न्हाय. म्हातारी एसटीनं आलेली. "एक वायर जोडाय एवढं दिस लागत्यात व्हय? म्हनलं, दवाखान्यात घातलीया तर बघून तरी यावं." पंचाक्षरी उठले, "या आजी, बसा." ती कशाची बसती! टेबलावरची मोटर दिसली तिला. पिवळी.

"ह्यो भंडारा?"

महारुद्र घाईघाईनं म्हणला, "न्हाय आई, ही शोरूमची हळद हाय, ह्यांच्या ताटातली..."

"गप! माजा भंडारा मला वळकू येत न्हाय व्हय? बाजारची हळद एवढी पिवळी असती का? म्याच टाकला ह्यो. मुठीनं टाकला! नाकात तर पिशवीच वतली!"

पंचाक्षरींची बोटं थांबली. टाईप केलेलं हळूच पुसलं त्यांनी, एक एक अक्षर. मग पंचाक्षरी त्यांच्या मऊ आवाजात म्हणले, "आजी, त्या भंडाऱ्यानंच जाम झाली ओ ही मोटर. आतपर्यंत गेला तो."

महारुद्रानं डोळे मिटले. आता म्हातारी भिंतीकडं तोंड करणार, आता म्हणणार, माजा हात वंगाळ. दगडाबाईनं ती मोटर दोन्ही हातात घेतली. फिरवून बघितली. हळू आवाजात म्हणली,

"आतपतुर पोचला?"

"पोचला, आजी."

"पार जिवापतुर?"

"मोटरपर्यंत पोचला ओ."

म्हातारीचं तोंड असं उजळलं म्हणता! "आरं महारुद्रा, आयकलास का? पोचला की रं! म्या घरी जिवाला घोर लावून बसले हुते, बिरोबानं घेतला का न्हाय म्हून!" आन् नखानं त्या मोटरीवरचा भंडारा खरडला, पंचाक्षरींच्या विभूतीवर लावला, निकिताच्या कपाळाला लावला, मंजुषाला लावला, महारुद्राला तर गालाला बी फासला. "मोटरीचं काय, दुसरी मिळंल!"

तुम्हाला सांगतो, महारुद्राला हसावं का रडावं समजंना. आई दुखावली न्हाय म्हणून काळजावरचा धोंडा उतरला, आन् त्याच वक्ताला डोकं फिरलं, की मग इतके दिवस आपुन भांडलो कशासाठी? त्या फोनवरल्या बाईसंगं बोललो कुणासाठी? निमूट पैसे भरले. कागदावर लिहिलेलं वाचलं, 'बाहेरचा पदार्थ', खाली सही केली. नवी मोटर बसली, एसी गार चालू झाला, मंजुषा पुढं बसली, म्हातारी मागच्या पन्नीवर कुर्रकुर्र करत बसली, आन् कमरंची पिशवी चाचपत म्हणली, "महारुद्रा, मोटर नवी हाय न्हवं? मग हिला बी लावाय लागंल. घरी गेल्या गेल्या ते झाकण उघड बरं का."

महारुद्र गाडीतनं उतरला. गपचिप परत आत गेला. पंचाक्षरी तसेच पिवळं कपाळ घेऊन बसलेले. त्यांच्या कानाजवळ जाऊन म्हणला, "साहेब, ह्या बोनेटला भायेरून एखादं कुलूप बसतंय का ओ?"

पंचाक्षरींनी बाहेर गाडीकडं बघितलं, म्हातारीकडं बघितलं, आन् म्हणले, "बसतंय की ओ. पण बाहेरचं कुलूप बसवलं, की मग उरलेली वॉरंटी पण जाते."