पंचवीस मिनिटं पुढं

…आणि वर हीच मला विचारती, "आज्जा, घड्याळाला हात कुणी लावला?" तुमाला सांगतो, चौऱ्याहत्तर वर्षांत मला असं कुणी विचारलं न्हाय. बसा रे मागचे, बसा. मशिनी नऊला सुरू होणार, तवर चार शब्द बोला म्हणून मालकांनी सांगितलंय. आज तुमचा हितला पयला दिवस. तुमाला कागद दिलाय ना, त्यात वेळेचे सतरा नियम हायत. मी चौथी शिकलेला माणूस, मला एकच नियम येतो. नऊ म्हणजे नऊ.

मी रामहरी. गाव वेळापूर, पण चाळीस वर्षं सोलापुरात माग चालवला. टॉवेल विणले, चादरी विणल्या, एक दिवस उशीर केला न्हाय. लग्नादिवशी सकाळची पाळी संपवून मांडवात गेलो. बायको, सोनाबाई, अजून काढती ते.

ही दारात उभी हाय ना, मान खाली घालून, ती माझी नात पायल. हितंच हापिसात कॉम्प्युटरवर बसती. चौदा ठिकाणी अर्ज केले तवा ही एक नोकरी लागली, तीबी मी शब्द टाकला म्हणून. सोमशेखर मालक म्हणाले, "काका, पयल्या महिन्यात तीन लेट मार्क पडले की घरी. मी सख्ख्या मेव्हण्याला घालवलाय." मी म्हटलं, "मालक, पोरगी माझ्या घरातनं येणार. तितं नऊ म्हणजे नऊ."

चौथ्या दिवशी पयला मार्क.

पाण्याचा दिवस होता. आता पाच दिवसांनी नळ आल्यावर माणूस नोकरी बघंल का घागर बघंल? ते मी सोडून दिलं. पण डोक्यात बसलं की खरा रोग त्यो मोबाईल हाय. उठली की मोबाईल, दात घासताना मोबाईल, केस विंचरताना तोच आरशाला टेकवून ठेवलेला. म्हटलं, आण हिकडं. सकाळचा कपाटात टाकायचा, किल्ली माझ्या कमरेला, निघताना मिळंल. आणि भिंतीवरचं घड्याळ गपचूप दहा मिनिटं पुढं सारलं. चुकलं का माझं? तुमच्यापैकी कुणाच्या घरचं घड्याळ बरोबर चालतंय, हात वर करा बरं… बघा. एक न्हाय.

पण पोरगी हुशार. हितल्या अंगठ्याच्या मशीनवर खरी वेळ बघितली, घरी येऊन मला विचारलं घड्याळाला हात कुणी लावला, आणि दुसऱ्या दिवसापासनं दहा वजा करायला लागली. मी ओरडतोय, आठ पंचवीस झाले, आठ पंचवीस झाले, आणि ही म्हणती, "सव्वाआठच झालेत की आज्जा," आणि घातलेली वेणी सोडून परत घालायला बसली. त्या दिवशी रिक्षाबी मिळंना. दुसरा मार्क.

आता एकच उरला. ती कामावर गेल्यावर मी स्टुलावर चढलो आणि घड्याळ आणखी पंधरा सारलं. झाले पंचवीस. तेबी तिला कळलं. ती बोलली न्हाय, मीबी बोललो न्हाय. आज्जा आणि नात, दोघं भिंतीकडं बघतोय आणि मनातल्या मनात पंचवीस वजा करतोय.

परवाची गोष्ट. घड्याळात आठ चाळीस, म्हणजे खरे सव्वाआठ. पायल निवांत भाकरी खातीय. तेवढ्यात समोरच्या शाळेची घंटा झाली. ती घंटा साडेआठला असती, सगळ्या शुक्रवार पेठेला ठाऊक हाय. पायल म्हणाली, "आज्जा, घंटा झाली."

मी काय म्हणालो असंन? म्हणालो, "शाळंला शिस्त उरली न्हाय. पंधरा मिनिटं आदी मारत्यात. तू जेव."

जेवली. सोनाबाईनं आणखी अर्धी भाकरी वाढली, वर शेंगाची चटणी, वर दही. दहा मिनिटं त्यातच गेली. पायल उठली, चप्पल घातली, तवा सोनाबाई पदराशी चाळा करत म्हणाली, "एक सांगू का. पोरगी रोज ताटात भाकरी टाकून पळती, मला बघवंना. म्हणून काल मी घड्याळ जरा मागं घेतलं."

"जरा म्हणजे किती?"

"पंधरा."

मी हिशोबाला लागलो. पंचवीसातनं पंधरा गेले, राहिले दहा, म्हणजे आमी वजा करतोय पंचवीस, म्हणजे… पायल म्हणाली, "आज्जा, हिशोब ऱ्हाऊ द्या, कपाट उघडा." किल्ली भोकात जाईना. उघडलं. मोबाईलवर आठ बेचाळीस.

चन्नप्पाची रिक्षा कोपऱ्यावर उभी. चन्नप्पा अक्कलकोटकडचा, बोलणं अर्धं कानडी, माणूस लोण्यासारखा. "बर्री अज्जा, कूडरी. बसा की निवांत, कशाला घाई?" म्हटलं, नऊच्या आत कारखाना गाठायचा. "मग झालंच की." आणि चौकात रिक्षा थांबवली. सुपारी घ्यायला. "एकच मिनिट की अज्जा."

एक मिनिट. पोरांनो, ते मिनिट ध्यानात ठेवा.

पुढं सगळ्या वाटेत पायल नुसता मोबाईल बघती आणि परत पालथा घालती. कारखान्याचं वळण आलं तवा म्हणाली, "आज्जा, शब्द तुमी दिलावता." मला ठाऊक न्हाय व्हय ते? उतरली, पळाली, अंगठा लावला. मशीनमधली बाई म्हणाली, "थँक्यू." उशीर झाला तरी थँक्यू. आमचा मुकादम वेळेत आलं तरी म्हणत नव्हता.

नऊ वाजून एक मिनिट.

सोमशेखर मालक तितंच उभे. पोरीकडं बघितलं न्हाय, माझ्याकडं बघितलं. "काका, तिसरा."

हात जोडायची सवय आपल्याला न्हाय. म्हणालो, "मालक, नऊ म्हणजे नऊ. नियम मोडा म्हणत न्हाय. पण हा मार्क तिचा न्हाय. मोबाईल मी कोंडला, घड्याळ मी सारलं, खरी घंटा खोटी मी ठरवली. मार्क माझ्या नावावर घाला."

मालकांनी अंगठ्याच्या मशीनकडं बघितलं. मग म्हणाले, "घातला असता काका. पण मार्क कामगारालाच लागतो."

"मग करा कामगार."

बोलून गेलो, आणि मग कळलं काय बोललो. मालकांनी लगेच कागद मागवला की. काम काय, तर नव्या पोरांना पयल्या दिवशी वेळेचं सांगायचं. माझा अंगठा घेतला, चार वेळा घ्यावा लागला, चाळीस वर्षं सुतानं घासून रेघाच पुसल्यात. आणि माझ्या नावावर पयली नोंद काय? रामहरी, आज रुजू, लेट मार्क एक.

आता घरच्या घड्याळाचा सेल काढून ठेवलाय. पायल मोबाईल बघून येती, पोटभर जेवून, नऊला दहा कमी असताना. आणि मला घरात वेळच कळंना, म्हणून आज सहाला येऊन गेटाबाहेर बसलो. वॉचमन ज्ञानबा म्हणतो, "आजोबा, गेट साडेआठला उघडतंय." बसलो. वेळेच्या आदी आलेलं कधीबी…

काय गं पायल, कसल्या खुणा? किती? आठ अठ्ठावन? आणि ह्यांनी अंगठे लावले न्हाईत अजून? उठा. उठा, रांग धरा, ढकलू नका, पोरी पुढं. थँक्यू… थँक्यू… अरं तो मागचा, बूट नंतर बांध… थँक्यू… सगळे झाले? सरका आता, मी लावतो.

"प्लीज ट्राय अगेन."

थांब, धोतराला पुसतो.

"प्लीज ट्राय अगेन."

डावा लावू का ज्ञानबा? त्यो घेतला न्हाय व्हय. बरं, हाच दाबून लावतो…

"थँक्यू."

किती झाले? नऊ एक?

…तोंड कशाला पाडतोस ज्ञानबा, लिही. नऊ म्हणजे नऊ. दोन झाले. एक उरलाय, आणि महिना अख्खा जायचाय.