माझ्या बाजूचा क्लच

— नाही हो मॅडम, गाडीला काही झालेलं नाही, तिच्या डोक्यावर थापा मारू नका, तिचा काय दोष? तुम्ही क्लच झटकन सोडलात, ती बंद पडली. एवढंच. हँडब्रेक ओढा आधी, चढ आहे. मागचा हॉर्न मारतोय? मारू दे, हात दुखला की थांबेल. काय म्हणालात? इतक्या दिवसांत एकदाही बंद पडली नव्हती? बरोबर — पडली नव्हती. आता जरा खाली बघा, इकडे, माझ्या पायाशी. ही दोन पेडलं दिसतायत? हा ब्रेक. ह्याचं सगळ्यांना माहीत असतं, शिकवणाऱ्याला लागतो म्हणून कुणी काही बोलत नाही. आणि हा क्लच. ह्याच्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही. तुम्ही पाय उचलायचात आणि इकडून मी हळूच सोडायचो, आणि तुम्ही म्हणायचात, आज काय मस्त उचलली ना गाडी! उचलली होती. मी. आज मी पाय सीटखाली घेतलेत. म्हणून ही पडली.

रागावू नका. म्हणजे रागवा, हरकत नाही, पण आरशात बघून रागवा. किल्ली फिरवा. आता फक्त टाच टेकवा आणि बोटं सावकाश वर — इंजिनचा आवाज जड झाला की तिथंच थांबायचं. थांबा... सोडलात. परत. मला घाई नाही. मी काल राजीनामा दिलाय. हो, ड्रायव्हिंग स्कूलचा. आज तुमची टेस्ट, त्याआधीचा हा तास तेवढा घेतो म्हटलं, म्हणून शेजारी बसलोय. मालक म्हणजे माझे भाऊजी, ताईचे मिस्टर — माहीत असेल तुम्हाला, ऑफिसात खुर्चीवर मांडी घालून बसतात ते. त्यांची शिकवण एकच — माणूस घाबरला की सोडून जातो, घाबरू द्यायचं नाही. क्लच तू सांभाळ, स्टिअरिंग त्यांना फिरवू दे. आणि टेस्टला? टेस्टलाही मीच शेजारी. आरटीओचे साहेब मागच्या सीटवर, मोबाइलवर. पुढं कुणाचे पाय काय करतायत ते न बघण्याचा त्यांना पगार मिळतो. हसू नका, सरकार पगार देतं! पास, पास, पास. ह्या गावात मी रस्ता ओलांडताना सिग्नल बघत नाही, आधी येणाऱ्या गाडीच्या काचेवर आमच्या स्कूलचा स्टिकर आहे का बघतो. असला की चार पावलं मागं.

मग नोकरी आत्ताच का सोडली — हेच विचारायचंय ना? ताईनंही हेच विचारलं. म्हणाली, ह्यांनी तुला हाताला धरून उभं केलं आणि तू असं करतोस, तुला काहीच कसं वाटत नाही रे? वाटत नाही. मी शोधलं, मॅडम, खरंच. सकाळी दाढी करताना आरशात उभा राहून शोधलं — लाज, अपराध, निदान हुरहूर. दाताच्या डॉक्टरानं सुई टोचल्यावर गाल कसा होतो, स्वतःचाच असतो पण बोट लावलं तर दुसऱ्याचा वाटतो — तसं. ताई रडत होती आणि मी बघत होतो की टेबलाखाली माझा पाय आपोआप दाबला जातोय. तिला थांबवायला. चप्पल दाबत होतो नुसती.

हं, आता उचलली बघा! ही तुमची तुम्ही. अहो, माझ्याकडे कशाला बघताय, रस्ता तिकडं आहे. दुसरा टाका. टाका, चुकलात तर गिअर ओरडेल, तुम्ही नका ओरडू.

रविवारी ताईकडे जेवायला होतो. भाची — ताईची मुलगी, तिला लायसन्स मीच काढून दिलं, ह्याच गाडीवर, ह्याच क्लचवर — तिनं गाडीची किल्ली मागितली. तिच्या बाळाला डोस द्यायला न्यायचं होतं. भाऊजी घास गिळायचेही थांबले नाहीत. म्हणाले, किल्ली? तुला? तू आपल्या स्कूलमध्ये शिकलीस बाई! आणि हसले. तिला ड्रायव्हर ठेवलाय. तोही मुद्दाम चौकशी करून, आपल्याकडे न शिकलेला. म्हणजे अख्ख्या गावाला सोडलं रस्त्यावर, लोकांच्या आया, लोकांची पोरं — आणि घरचं बाळ आलं तेव्हा ह्या माणसाला सगळं माहीत होतं. सगळे हसले. ताई हसली. भाचीसुद्धा हसली, थोडी उशिरा. आणि मी — मी पण हसलो. कोशिंबीर वाढून घेतली. मला तेव्हासुद्धा काही वाटलं नाही. राजीनाम्याचं सोडा हो, तो तर काय, उभं राहून दोन वाक्यं बोललो आणि निघालो. त्या हसण्याचं मात्र... तिथं काहीतरी वाटायला पाहिजे होतं. असो. हे सांगायचं नव्हतं तुम्हाला. इंडिकेटर द्या, टेस्टचं मैदान आलं. त्या पांढऱ्या पट्टीमागं उभी करा. छान. न्यूट्रल.

काय? नाही. नाही म्हणजे नाही. आजचा दिवस तेवढा क्लच धरा — सगळे आजचाच दिवस म्हणतात. वडिलांना दवाखान्यात न्यायचंय हे माहीत आहे मला, पहिल्याच दिवशी सांगितलंत, रिक्षावाले जिन्यापाशी थांबत नाहीत म्हणून. म्हणूनच विचारतो — त्या दिवशी वडील मागं बसलेले असतील तेव्हा ह्या सीटवर कोण असेल? नापास झालात तर परत या. माझ्याकडे नाही, दुसरीकडे कुठंही, आणि बसल्या बसल्या पहिलं सांगा, तुमचे पाय वर घ्या. रडू नका. रडलात तरी माझं काही हलणार नाही, आत्ताच सांगितलं ना. चढावर उचललीत ती आठवा. ती खरी होती. बाकीचं सगळं विसरा.

मी उतरतो. कालपासून मी स्कूलचा कुणी नाही, मला इथं बसायचा हक्कच नाही. झालं की ऑफिसात फोन करा, गाडी न्यायला माणूस येईल. या साहेब, या. नाही नाही — मागं नाही, आज पुढं बसा. हो, इथंच. पाय जरा जपून ठेवा, खाली पेडलं आहेत... असतात साहेब, प्रत्येक गाडीत असतात. दार ओढून घ्या.

मॅडम, माझ्याकडे नका बघू. समोर बघा.