वैशालीचा बॅकअप

आमच्या वाटणीतल्या कॉम्प्युटरचं तुम्हाला सांगितलंच नाही वाटतं. नागावची वाडी दोघा भावांत वाटली गेली, होमस्टेच्या खोल्याही वाटल्या आणि कॉम्प्युटर आमच्याकडे आला. त्यात माझी धाकटी जाऊ वैशाली, हिचंही खातं होतं. वाटणीपासून आमचं बोलणं बंद होतं.

हे म्हणाले, "तिचं खातं डिलीट करून टाक."

पण आत तिचे घरचे फोटो होते. न विचारता कसे पुसायचे? मीच कुंपणापाशी गेले आणि म्हटलं, "वैशाली, तुझं खातं काढायचंय. आधी बॅकअप घेऊन जा."

दुपारी ती लाल दोरीचा पेन ड्राइव्ह घेऊन आली आणि कॉम्प्युटरपुढे बसली. कॉपी करण्याआधी एकेक फोटो उघडून बघायला लागली.

"ताई, ही साडी कुठे गेली हो तुमची?"

"तूच नेलीस बारशाला. परत कुठे दिलीस?"

मग चहा झाला. जाताना म्हणाली, "हा भरला. उद्या दुसरा आणते."

दुसऱ्या दिवशी तोच लाल दोरीचा पेन ड्राइव्ह घेऊन आली. मी दोरीकडे पाहिलं आणि चहा टाकला.

परवा ह्यांनी विचारलं, "काढलंस का तिचं खातं?"

"अजून बॅकअप चालू आहे."

"गणपतीपासून?"

"फोटो पुष्कळ आहेत, भाऊजी," आमच्या स्वयंपाकघरातून वैशाली म्हणाली. "तुम्ही जेवायला बसा, कालवण गार होतंय."