उसवलेलं पोलकं

टर्रकन! अरे, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. लग्नानंतरचा पहिला दिवाळसण, चामटोलीला, सासुरवाडीत. सासऱ्यांना आणि मला वाढायला वाकली, तर बायकोचं लग्नातलं पोलकं काखेत उसवलं!

"अंबरनाथच्या कारखान्यातला हमाल, पोरीला उपाशी मारील," म्हणून सासूबाई आधी लग्नालाच तयार नव्हत्या. त्या धावत आल्या. "काय गं, गोड बातमी?"

"नाही गं आई! हे माझ्याशिवाय घासच घेत नाहीत. हाताला धरून शेजारी बसवतात."

सासूबाई जन्मभर सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं जेवलेल्या. त्यांनी सासऱ्यांकडे नुसतं पाहिलं.

सासरे उठले, आपलं भरलेलं ताट उचललं, सासूबाईंचा हात धरला आणि त्यांना घेऊन चुलीकडे निघून गेले.