काकाजींचा काटा

चहा गार झाला तर होऊ द्या, पण काकाजींच्या मोटारीचं ऐका. काकाजी म्हंजे जालन्याचे कापडवाले सेठ, अन् मी त्यांचा ड्रायव्हर. मोटारीत इंजिनाची गरमी दाखवणारा एक काटा होता. नुसती चावी फिरवली, की इंजिन थंडगार असलं तरी काटा थेट लाल खुणेवर! काकाजी घडीघडी गाडी थांबवायचे अन् पाणी ओतायला लावायचे.

शेवटी मी इंजिनाजवळची काट्याची वायर काढली. काटा झटकन खाली आला. म्हणलं, "काकाजी, इंजिन बराबर हाये. वायरच्या टोकाचा गरमी मोजणारा नग बिघडलाय. नवा बसवू. तवर काटा कायम थंडच दाखवील, त्याच्यावर जाऊ नका."

"नवा कशाला? किती जल्दी थंड झाली गाडी!"

मंग एक दिवस त्यांच्या पोरासाठी मुलगी बघायला भोकरदनला निघालो. मागं काकीजी, घुंगटात. माझ्यासमोर त्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं. निम्म्या वाटेत बॉनेटमधून वाफ निघाली.

"काकाजी, थांबवतो. आता खरंच तापली."

"काटा बिलकुल थंड दाखवून राह्यला. चाल!"

थोडं पुढं जाऊन गाडी बंदच पडली. काकाजी तरी काट्याकडंच बघत बसले. तेवढ्यात घुंगटातून आवाज आला, "मुलगी बघायला त्या काट्यालाच पाठवा. मी बैलगाडीनं घरी जाते."